वादळी हंगामातील घरगुती औषधपेटी : वैद्य व औषधविक्रेते यांनी काय सांगावे?

अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे हंगाम दोन. पहिला नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या तोंडावर, म्हणजे मे-जूनमध्ये. दुसरा पाऊस परतल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात. बंगालच्या उपसागराच्या मानाने या समुद्रात वादळे कमी होतात आणि त्यांतील बरीचशी ओमान, येमेन किंवा गुजरातकडे वळतात. त्यामुळे ‘कोकणात वादळ येत नाही’ असा समज किनाऱ्यावर दीर्घकाळ रूढ होता. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ने त्यास धक्का दिला आणि ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात जमिनीवर आले तेव्हा तो पुरता मोडला. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ किनाऱ्याला लागून उत्तरेकडे गेले.

‘निसर्ग’च्या वेळी प्रत्यक्ष वारा काही तासच होता. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले आणि झाडे पडून रस्ते बंद झाले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, तसेच दापोली-मंडणगड या भागांतील अनेक गावांत वीज परतण्यास कित्येक आठवडे लागले. दूरध्वनीही बंद होते. वैद्याच्या दृष्टीने आपत्काल म्हणजे वादळाचा दिवस नव्हे, तर त्यानंतरचे हे तुटलेपणाचे दिवस होत. घरातील आपत्कालीन संच त्यासाठीच असतो. विजेरी, मेणबत्ती, आगपेटी, कोरडा शिधा, कागदपत्रांची पिशवी आणि माणशी दररोज तीन-चार लिटर या हिशेबाने साठवलेले पाणी यांविषयी शासकीय पत्रकांत पुरेसे लिहिलेले असते. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय त्या संचातील औषधांचा कप्पा हा आहे. या कप्प्याबाबत लोक प्रथम आपल्याकडे किंवा आपल्या ओळखीच्या दुकानदाराकडे विचारणा करतात, आणि आपले उत्तर बहुधा पाच-सहा चूर्णे व दोन आसवे यांच्या यादीने सुरू होते. ते तसे सुरू होऊ नये, असे आम्हांस वाटते.

चालू औषध प्रथम

पेटीत पहिले स्थान रुग्णाच्या रोजच्या औषधाचे, मग ते कोणत्याही शास्त्राचे असो. रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, अपस्मार, दमा, क्षय यांपैकी व्याधींच्या गोळ्या घेणारी व्यक्ती आज जवळजवळ प्रत्येक घरात आहे. अपस्माराची गोळी अचानक तुटली तर झटके पुन्हा सुरू होण्याचा धोका असतो. इन्शुलिन तुटणे तर काही रुग्णांत प्राणघातक ठरते. म्हणून किमान पंधरा दिवसांचा साठा घरात असावा आणि हंगामात तो त्याखाली जाऊ देऊ नये. आपल्याकडे येणारा रुग्ण आधुनिक औषधे घेतो की नाही हे अनेकदा तो सांगत नाही व आपणही विचारीत नाही. निदान मे महिन्यात तरी ते विचारावे आणि एका जाड कागदावर व्याधी, औषधाचे नाव, मात्रा, वेळ व न सोसणारी औषधे सुवाच्य अक्षरांत लिहून द्यावीत. निवारा केंद्रातील अनोळखी डॉक्टरला हा कागद कोणत्याही भस्मापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

इन्शुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावयाची असते. वापरात असलेली कुपी मात्र थंड जागी सामान्यतः चार आठवडे टिकते, नेमकी मुदत वेष्टनावर असते. वीज गेल्यावर मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात लहान मडके बसवावे व कुपी कोरड्या पिशवीत घालून आतील मडक्यात ठेवावी. बर्फाला चिकटून ठेवू नये, कारण गोठलेले इन्शुलिन निरुपयोगी होते.

पाणी

चरकाचार्यांनी विमानस्थानात जनपदोध्वंसाची कारणे म्हणून वायू, उदक, देश आणि काल यांची दुष्टी सांगितली आहे. वादळानंतर चारही बिघडलेले असतात, तथापि गृहस्थाच्या हाती असते ते उदकच. विहिरीत पालापाचोळा, मेलेली जनावरे आणि शौचकूपांचे पाणी उतरते. अशा वेळी घरोघरी तुरटी फिरवली जाते, पाणी नितळ दिसते आणि ते प्यायले जाते. येथे एक भेद रुग्णांस स्पष्ट करून सांगणे अत्यावश्यक आहे, आणि तो आपल्याच ग्रंथात आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात गढूळपणा दूर करणारी सात द्रव्ये सांगितली आहेत. त्यांत कतक म्हणजे निवळीचे बी येते, वस्त्रही येते. परंतु बिघडलेल्या पाण्यासाठी ते अग्नीवर कढविणे, उन्हात तापविणे अथवा तप्त लोहगोलादी त्यात विझविणे हे उपाय निराळे सांगतात. म्हणजे निवळणे आणि निर्दोष करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. तुरटीने पहिली होते, दुसरी होत नाही. पाणी आधी निवळून, दुहेरी-चौपदरी फडक्यातून गाळून, मग खळखळून उकळावे. सरपण ओले व गॅस संपलेला असेल तर क्लोरीनच्या गोळ्या वेष्टनावरील प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात क्लोरीनचा प्रभाव घटतो, म्हणून गाळणे त्याही आधी. या गोळ्या पेटीत हव्यातच.

अतिसार झाल्यास पहिले औषध जलसंजीवनी होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठी केलेली पुडी २०.५ ग्रॅमची असते. माणशी दोन-तीन तरी पुड्या ठेवाव्यात. पुडी संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण पेटीच्या झाकणावर आतून लिहून चिकटवावे. औषधविक्रेत्यांनी येथे विशेष दक्षता घ्यावी : नावात ‘ओआरएस’ असलेली गोड पेये बाजारात वर्षानुवर्षे विकली गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. ग्राहकाच्या हाती सूत्रानुसार केलेली पुडीच गेली पाहिजे.

कुटजघन वटी ठेवण्यास हरकत नाही, पण आमावस्थेत स्तंभन करू नये हा नियम आपण शिकलो आहोत, गृहिणी शिकलेली नाही. मूल चार जुलाबांनी मलूल झाले, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, तर वटीची वाट न पाहता दवाखाना गाठावा, हे वटी देतानाच सांगावे.

कल्पाचे स्वरूप

शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांत उणावते, गुटी व लेह वर्षभर टिकतात आणि आसव, धातू व रसकल्प जुने झाल्याने अधिक गुणवान होतात असे म्हटले आहे. शासकीय नियमांनी आज चूर्णास दिलेली मुदत याहून बरीच मोठी आहे. पण ती सीलबंद डब्याची. कोकणातल्या जूनमध्ये एकदा उघडलेले हिंग्वाष्टक किंवा लवणभास्कर चार दिवसांत ढेकूळ होते, हे प्रत्येक दुकानदार जाणतो. लवण व क्षार असलेली शंखवटीसुद्धा ओल ओढते. यास्तव पेटीसाठी वटी-गुटी निवडाव्यात, त्या पट्टीबंद अथवा घट्ट बुचाच्या लहान बाटलीत असाव्यात, आणि सुंठ पूड करून न ठेवता अख्खी ठेवावी. सहाणेवर उगाळून लागेल तेवढी घेता येते आणि ती वाया जात नाही. आसव-अरिष्टे गुणाने टिकाऊ खरी, पण काचेची बाटली छतावरून किंवा होडीतून नेण्याची वस्तू नव्हे.

काय ठेवू नये, हे अधिक महत्त्वाचे. त्रिभुवनकीर्ती व संजीवनी ही आपली विश्वासाची औषधे, परंतु दोहोंत वत्सनाभ आहे, संजीवनीत भल्लातकही. विषद्रव्यांच्या शासकीय सूचीत ही द्रव्ये येतात व अशा कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. अंधारात, गर्दीत, लेबल भिजलेल्या बाटलीतून आजीने नातवाला अंदाजाने दिलेली मात्रा ही देखरेख नव्हे. ही औषधे वैद्याच्या पेटीत असावीत, घराच्या नाही.

दुसरेही एक कारण आहे. पुराच्या पाण्यातून चालल्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांत येणारा ताप, पोटऱ्यांत वेदना व डोळ्यांत लाली ही लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे असू शकतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने ही साथ अनुभवली. असा ताप घरच्या घरी चार दिवस ‘उतरवीत’ बसणे म्हणजे यकृत व वृक्क यांना धोक्यात घालणे. प्रतिबंधक गोळ्या कोणी घ्याव्यात हे प्राथमिक आरोग्य केंद्रातून ठरवून घ्यावे.

उडालेले पत्रे आणि खिळे यांच्या जखमा वादळानंतर सर्वाधिक दिसतात. साबण व स्वच्छ पाण्याने धुणे, निर्जंतुक पट्टी बांधणे व धनुर्वाताची लस, हा क्रम. जात्यादी तेल शुद्ध, वरवरच्या व्रणासाठी ठेवावे, खोल खिळ्याच्या जखमेत ओतण्यासाठी नव्हे. बिळांत पाणी शिरले की साप घरात येतात. सर्पदंशात बांधणे, चिरणे, मुळी पाजणे यांपैकी काहीही न करता तो अवयव न हलवता १०८ ला बोलवावे, अथवा प्रतिविष असलेल्या रुग्णालयाकडे निघावे. विंचूदंशाबाबतही तसेच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या प्राझोसिनवरील कार्यामुळे कोकणातील लाल विंचवाचे मृत्यू घटले. तो लाभ रुग्णालयात वेळेवर पोहोचणाऱ्यासच मिळतो.

दुकानदारांसाठी

जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचे पाणी शिरले तेव्हा तळमजल्यावरची दुकाने बुडाली. पुराचे पाणी लागलेले औषध, बाहेरून कितीही कोरडे दिसले तरी, विकू नये. बुचाच्या कडेने शिरलेले पाणी धुऊन निघत नाही. नुकसान मोठे असते हे मान्य, पण त्याचा भार रुग्णाच्या पोटावर टाकता येणार नाही. महागडे रसकल्प व भस्मे हंगामापूर्वी वरच्या फळीवर न्यावीत, साठ्याची नोंदवही व खरेदीची बिले यांची छायाचित्रे दुसऱ्या गावी कोणाकडे तरी पाठवून ठेवावीत. विम्याच्या दाव्यास ती लागतात.

घरातील पेटी वर्षातून दोनदा उघडावी : अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आणि नवरात्रापूर्वी. मुदत जवळ आलेल्या गोळ्या रोजच्या वापरास काढून त्या जागी नव्या ठेवाव्यात. दुकानदारांनी जलसंजीवनी, क्लोरीनच्या गोळ्या व पट्ट्या यांची मागणी एप्रिलअखेरच नोंदवावी. हवामान खात्याची चक्रीवादळाची सूचना ४८ तास आधी येते, आणि तेवढ्या वेळात मालाची गाडी घाट उतरून येईलच असे नाही.