पेल्यातलं माप

प्रवासाला गेलं की काहीतरी पाहून यावं, ही आपली जुनी रीत. देवळं, किल्ले, समुद्र, बाजार. गेल्या काही वर्षांत तिच्यात एक भर पडली आहे. माणसं आता प्रवासात काहीतरी शिकूनही येतात. केरळात गेलेले अप्पम करायला शिकतात, जयपूरला गेलेले कापडावर ठसे उमटवायला. याच रांगेत आणखी एक वर्ग येऊन बसला आहे, तो म्हणजे कॉकटेल बनवण्याचा. क्युबातल्या हवानात असे वर्ग चालतात, सिंगापुरात चालतात, आणि आपल्या शेजारी गोव्यातही चालतात.

हे ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. दारूत दारू मिसळायची, त्यात शिकायचं ते काय? प्रश्न रास्त आहे. पण माझं म्हणणं असं, की असा वर्ग नीट चालवला असेल तर तो पिणं कमी आणि मोजणं जास्त शिकवतो. ते कसं, हे गोव्यातल्या फेणीच्या वर्गाच्या आधारानं पाहू.

आधी शब्दाबद्दल थोडं. कॉकटेल या शब्दाचा खुलासा १८०६ साली अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रानं केला होता. कोणतंही मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचं उत्तेजक मिश्रण, असा तो खुलासा होता. पण मिश्रणाची कल्पना त्याहून जुनी आहे. 'पंच' नावाच्या पेयाचा उल्लेख ईस्ट इंडिया कंपनीच्या एका नोकराच्या १६३२ सालच्या पत्रात सापडतो. मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला अशा पाच जिनसा, म्हणून आपल्या 'पाच'वरून ते नाव पडलं, असं सांगतात. सगळ्या अभ्यासकांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. तरी हे पेय युरोपियनांनी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उचललं, हे बहुतेकांना मान्य आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या माडाच्या मद्यात गोव्याच्या मालाचं नाव होतं. तेव्हा गोव्यात बसून लिंबू-साखरेचं असं मिश्रण करायला शिकणं ही काही परक्या मुलखातून आलेली टूम नव्हे.

आता प्रत्यक्ष वर्ग. एक लांब टेबल, त्याभोवती आठ-दहा माणसं. प्रत्येकापुढे एक धातूचं झाकणाचं भांडं, त्याला शेकर म्हणतात. एक गाळणं, एक लाकडी दांडा, लिंबं, पुदिना, कोकम, बर्फ आणि एक छोटं दुतोंडी माप. या मापाला जिगर म्हणतात. त्याच्या एका तोंडात ३० मिलिलिटर मावतं, दुसऱ्यात ६०. घरी किंवा पार्टीत ओतणारा माणूस बाटली तिरपी करतो आणि 'बास' म्हणेपर्यंत ओततो. वर्गात पहिली शिस्त लागते ती ही, की माप भरल्याशिवाय भांड्यात काही पडायचं नाही.

दुसरा धडा प्रमाणाचा. जगातली कितीतरी आंबटगोड कॉकटेलं एकाच हिशेबावर उभी आहेत. दोन भाग मद्य, एक भाग आंबट, एक भाग गोड. म्हणजे ३० मिलिलिटर फेणी असेल तर १५ लिंबाचा रस आणि १५ साखरेचं पाणी. साखर तशीच टाकत नाहीत, कारण गार पेयात ती विरघळत नाही, तळाशी बसते. म्हणून साखर आणि पाणी समसमान घेऊन आधी साधा पाक करून ठेवतात. मग लिंबू आंबट असेल तर पाक थोडा वाढवायचा, साधं असेल तर कमी करायचा.

इथे आपल्याकडच्या माणसांचा हात चांगला चालतो. पणजीतल्या अशाच एका वर्गात कोल्हापूरच्या दोघी बहिणी आल्या होत्या. थोरली मद्य घेत नव्हती, धाकटीला सोबत म्हणून आलेली. शिकवणाऱ्या तरुणानं तिला फेणीऐवजी नुसतं कोकम आणि सोडा दिला. तिनं लिंबू पिळलं, पाक घातला, चिमूटभर मीठ टाकलं, काडीचं टोक बुडवून चव घेतली आणि आणखी दोन थेंब लिंबू पिळलं. त्या तरुणानं तिचा पेला चाखला आणि म्हणाला, "ताई, तुमचो हात बरो आसा." चाळीस वर्षं उन्हाळ्यात सरबत करणाऱ्या बाईला आंबटगोडाचा तोल वेगळा शिकवावा लागत नाही. मीठ टाकल्यानं कडवटपणा दबतो, हेही तिला ठाऊक होतं. कोकमाचं एक मात्र पाहावं लागतं. आगळ खारट असतं आणि अमृत कोकम गोड. बाटली न वाचता ओतलं तर सगळा हिशेब चुकतो.

तिसरा धडा बर्फाचा, आणि हा सर्वांत मजेदार. शेकर हलवतात ते जिनसा मिसळण्यासाठी, असं आपल्याला वाटतं. ते खरंच आहे, पण अर्धंच. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. पेय गार होतं ते मुख्यतः या वितळण्यामुळे. म्हणजे गारवा हवा तर पाणी येणारच. दहा-पंधरा सेकंद जोरात हलवलं, की तयार पेयात साधारण पाव भाग पाणी बर्फाचं असतं. ते भेसळ नव्हे, ती त्या पेयातली एक जिन्नसच आहे. फारच कमी हलवलं तर पेय कोमट आणि जहाल राहतं, जास्त हलवलं तर पाणचट होतं. शिकवणारे लोक हलवण्याआधी एक थेंब चाखायला लावतात आणि हलवल्यावर दुसरा. तीच फेणी, तेच लिंबू, पण दुसरा थेंब जिभेला मऊ लागतो. लिंबाचा रस असला की शेकर हलवायचा, नुसती मद्यं असली की चमच्यानं ढवळायचं, आणि सोडा कधीच शेकरमध्ये घालायचा नाही, हे नियम मग पाठ करावे लागत नाहीत. पुदिन्याचंही तसंच. पानं दांड्यानं हलकी दाबायची. खलबत्त्यात कुटल्यासारखी कुटली तर वास येण्याऐवजी कडूपणा उतरतो.

गारव्यानं आणखी एक गोष्ट होते. थंड जिभेला गोडी कमी कळते. वितळलेलं आइस्क्रीम घट्ट आइस्क्रीमपेक्षा जास्त गोड लागतं, ते यामुळेच. म्हणून गार पेयात साखर जास्त घालावी लागते. गारवा, आंबट आणि गोड हे तिघं मिळून मद्याचा जळजळीतपणा झाकून टाकतात. हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता फेणीकडे. आपल्या घरी फेणी म्हटलं की तांदळाची पापडफेणी आठवते किंवा सुतरफेणी. गोव्यात फेणी म्हणजे काजूच्या बोंडाचं किंवा माडाच्या ताडीचं ऊर्ध्वपातन करून काढलेलं मद्य. ओतताना त्यावर येणाऱ्या फेसावरून हे नाव पडलं, असं सांगतात. माडाची फेणी जुनी. काजू मूळ ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात आणला, आणि आपला 'काजू' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला.

मार्च ते मे हा काजूचा हंगाम. फेणीसाठी बोंडं झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेली वेचतात. बी पिळून वेगळी करतात आणि बोंडं दगडात कोरलेल्या कुंडीत तुडवतात. शेवटी चोथ्यावर वजन ठेवलं, की निथळून येतो तो नितळ, गोड नीरो. तो ताजा प्यायचा असतो, त्यात नशा नसते. तुडवून निघालेला रस मात्र दोन-तीन दिवस आपोआप आंबू देतात, वेगळं किण्व घालत नाहीत. मग तो भाण नावाच्या भांड्यात घालून लाकडाच्या जाळावर तापवतात. वाफ नळीतून दुसऱ्या, पाण्यानं थंड ठेवलेल्या भांड्यात उतरते. पहिल्या खेपेला निघतो तो हुर्राक. त्यात मद्यार्क साधारण १५ टक्के. हुर्राक आणि आंबलेला रस एकत्र करून पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी, त्यात मद्यार्क ४२ टक्क्यांच्या आसपास. हुर्राक फार टिकत नाही, म्हणून तो हंगामातच मिळतो. गोव्यातले लोक त्यात लिंबू, मीठ, सोडा किंवा लिंबाचं गोड पेय आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालतात. वर्गात बहुधा हेच पहिलं पेय शिकवतात, कारण ते कुणा तज्ज्ञानं शोधलेलं नाही, घराघरातलं आहे.

काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०१६ साली गोवा सरकारनं फेणीला राज्याच्या वारशाचं पेय म्हणून मान्यता दिली. त्याआधी बराच काळ ती कायद्याच्या भाषेत 'देशी दारू' होती, आणि गोव्यात येणारे पाहुणे तिच्या उग्र वासाची थट्टा करून परदेशी बाटलीकडे वळत. या वर्गांनी तो वास ओळखीचा करून दिला. ज्यानं बोंड हातात घेतलं आहे, त्याचा रस चाखला आहे, त्याला फेणीत तो पिकलेला वास सापडतो. मग लिंबू त्या वासाला कसं आवरतं आणि कोकम कसं साथ देतं, हे कळायला वेळ लागत नाही. आणि पेल्यामागे रानात वाकून बोंडं वेचणाऱ्या बाया आहेत, रात्रभर भट्टीचा जाळ सांभाळणारे आहेत, हेही कळतं.

इथे आपल्याकडचं एक वास्तव आठवतं. गोव्याची हद्द ओलांडली की दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ला. झाडं तीच, बोंडं तीच. पण इथे बी विकली जाते आणि बहुतेक बोंडं झाडाखालीच कुजतात. बोंड दिवसभरातच नासू लागतं, आणि त्याच्या रसात संत्र्याच्या रसापेक्षा कितीतरी अधिक 'क' जीवनसत्त्व असतं. त्याचं मद्यच व्हावं असं नव्हे. सरबत, सिरप, जॅम असं पुष्कळ काही होऊ शकतं. पण वाया जाणारी वस्तू आपल्या परड्यातली आहे, हे कधीकधी शेजारच्या गावात जाऊन समजतं.

आता त्या लक्षात ठेवायला सांगितलेल्या वाक्याकडे येऊ. गारवा, आंबट आणि गोड मिळून मद्य झाकतात. समजा पेल्यात ६० मिलिलिटर फेणी आहे. तिच्यात मद्यार्क ४२.८ टक्के धरला तर शुद्ध अल्कोहोल भरतं सुमारे २० ग्रॅम. वरून कोकम, पाक, सोडा घालून पेला मोठा केला तरी हे २० ग्रॅम कमी होत नाहीत. जीभ सांगते सरबत, शरीर मोजतं २० ग्रॅम. ते बाहेर टाकायला यकृताला दोन तास किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. तयार पेला हातात आलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. ज्यानं स्वतः माप भरलं आहे, त्याला ते दिसतं. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट केलं. तेव्हा घ्यायचं की नाही, हा निर्णय ज्याचा त्यानं करायचा. पण तो अंदाजानं न करता मोजून केलेला बरा.

म्हणूनच वर्ग निवडताना काही गोष्टी विचारून घ्याव्यात. आपल्या हातानं करायला मिळणार आहे, की समोरचा करणार आणि आपण टाळ्या वाजवणार? माणसं किती असतील? आठ-दहांपेक्षा जास्त असली तर शिकवणाऱ्याचं लक्ष पुरत नाही. मद्य तिथलंच आहे का? न घेणाऱ्यांसाठी काय आहे? चाखण्याचे पेले छोटे आहेत का, आणि न संपवता ठेवून दिले तर चालतं का? आणि शेवटचं, परतायचं कसं? वर्गाला जाताना स्वतःची दुचाकी घेऊन जाऊ नये, एवढं सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

कायद्याचंही भान हवं. मद्यासाठी वयाची अट गोव्यात २१ आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, इतर मद्यासाठी २५, आणि वर परवानाही लागतो. गोव्यातल्या बाटल्या परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे. बांद्याजवळ गाड्या तपासल्या जातात, आणि हौसेनं घेतलेली बाटली सहलीचा शेवट पोलीस चौकीत करू शकते.

शिकलेलं मात्र नाक्यावर कुणी अडवत नाही. घरी आल्यावर मद्याचा थेंबही न घालता ते वापरता येतं. साधा पाक बाटलीत करून ठेवा. कोकम, लिंबू, आलं, पुदिना यांतलं हवं ते घ्या, चिमूटभर मीठ घाला. झाकणाच्या बरणीत बर्फाबरोबर पंधरा सेकंद हलवा आणि गाळा. हलवण्याआधी एकदा चव घ्या, नंतर एकदा. दोन्हींतला फरक जिभेला कळला, की वर्गाची फी वसूल झाली म्हणायची.