कुशीवर झोपणाऱ्यांची गादी

पाठीवर झोपणाऱ्याचे वजन पाठभर विभागले जाते. कुशीवर झोपणाऱ्याचे मात्र मुख्यतः खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी एकवटते. शरीर वजनदार असेल तर हा दाब अधिकच जाणवतो. म्हणूनच ‘ऑर्थोपेडिक’ म्हणून विकली जाणारी टणक काथ्याची गादी अशा व्यक्तीस सहसा मानवत नाही. खांदा दुखतो, हाताला मुंग्या येतात. उलट फार मऊ गादीत खुबा खचून मणका वाकतो. वरचा दोन-तीन इंचांचा थर नरम व खालचा गाभा भक्कम, अशी किमान आठ इंच जाडीची गादी त्यांना सोयीची.

टिकाऊपणा बराचसा फोमच्या घनतेवर अवलंबून असतो. घनता म्हणजे कडकपणा नव्हे. हा घोळ विक्रेतेही सर्रास करतात. एक घनमीटर फोमचे वजन किती किलो, एवढाच तिचा अर्थ. जड शरीराखाली हलक्या फोमला लवकर खळगा पडतो, तेव्हा गाभ्याची घनता ४० च्या आसपास वा अधिक असावी. लॅटेक्स अधिक टिकते, पण महाग पडते. दुकानात नुसते हाताने दाबून काय कळणार? संकोच न करता, नेहमीच्या उंचीची उशी घेऊन पंधरा मिनिटे कुशीवर पडावे आणि मानेपासून माकडहाडापर्यंत कणा सरळ रेषेत आहे का, ते सोबतच्या माणसाला मागून पाहायला सांगावे.