तीन जपानी बहिणी आणि आमची 'बंगाल'

शिराळ्याहून समुद्र पाहावयाचा तर सह्याद्री उतरून कोकणात जावे लागते. त्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांस युद्ध म्हटले की पलटण आठवते, आरमार आठवत नाही. म्हणून या खेपेस आम्ही मुद्दाम समुद्रावरील एका लढाईची हकीकत देत आहो. तीत ज्या जहाजाने नाव मिळविले ते मुंबईसच यावयास निघाले होते.

एकाच आराखड्यावरून बांधलेल्या जहाजांस दर्यावर्दी लोक बहिणी म्हणतात. ओसाका शोसेन कायशा या जपानी कंपनीच्या अशा तीन बहिणी होत्या : होकोकु मारू, आयकोकु मारू आणि गोकोकु मारू. 'कोकु' म्हणजे देश. देशाचे ऋण फेडणे, देशावर प्रेम करणे व देशाचे रक्षण करणे असे या नावांचे अर्थ होत. 'मारू' हे जपानी व्यापारी जहाजांच्या नावास लागणारे उपपद आहे. प्रत्येकीचे माप सुमारे १०,४०० टन आणि वेग ताशी २१ सागरी मैल. उतारू व माल नेणाऱ्या जहाजास हा वेग मोठाच. हा वेगच त्यांस भोवला. १९४१ साली आरमाराने पहिल्या दोघी मागून घेतल्या, त्यांवर तोफा, टॉर्पेडोच्या नळ्या व समुद्रविमाने चढविली आणि शत्रूची व्यापारी जहाजे गाठण्याच्या कामास त्यांस लाविले.

परंतु तोफा चढविल्याने व्यापारी जहाजाची मनवार होत नाही. मनवारीच्या दारूगोळ्याभोवती जाड पोलादाचे चिलखत असते. या बहिणींचे अंग साध्या पत्र्याचे, आणि टॉर्पेडो तर डेकावर उघडेच. निःशस्त्र जहाजांशी गाठ पडे तोवर हे व्यंग झाकून राहिले. १९४२ साली हिंदी महासागरात त्यांनी 'एलिसिया' बुडविली व 'जेनोटा' आणि 'हौराकी' धरून नेल्या.

११ नोव्हेंबर १९४२ रोजी कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस या दोघींना दोन जहाजे दिसली. एक 'ओंडिना' हे डच तेलवाहू जहाज. त्यावर एक चार इंची तोफ व अवघे ३२ गोळे. दुसरे रॉयल इंडियन नेव्हीचे 'बंगाल', नुकतेच ऑस्ट्रेलियात बांधलेले, सुमारे ६५० टनांचे; त्यावरील खलाशी हिंदी होते. कप्तान विल्सन यांनी ओंडिनास निसटण्याची खूण केली आणि आपल्या जहाजाचे नाक सरळ शत्रूकडे वळविले. ओंडिनाही लढतच राहिली. इतक्यात एक गोळा होकोकुच्या टॉर्पेडोच्या नळ्यांवर आदळला, आग दारूगोळ्यापर्यंत पोचली आणि प्रचंड स्फोट होऊन ती बुडाली. ३५४ माणसांपैकी ७६ गेली; कप्तानही गेला.

तो गोळा कोणाचा याविषयी मतभेद आहे; तो ओंडिनाचा असावा, असे पुष्कळांस वाटते. तसे असले तरी बंगालचा मोठेपणा उणा होत नाही, असे आम्हांस वाटते. नाक वळविले त्या घटकेस, गोळा कोठे लागेल हे कोणास ठाऊक होते?

बंगालचा दारूगोळा सरत आला आणि ती दूर निघाली. ओंडिनाचेही गोळे संपले. तिचा कप्तान होर्समान मारला गेला, लोक होड्यांत उतरले, आणि त्या होड्यांवरही आयकोकुने गोळ्या झाडल्या. हे कृत्य कोणत्याही युद्धाच्या नावाखाली क्षम्य नाही. ओंडिना बुडणारच असे समजून आयकोकु आपल्या बहिणीची वाचलेली माणसे घेऊन निघून गेली. तेव्हा उरलेले डच व चिनी खलाशी पुन्हा जहाजावर चढले, त्यांनी आग विझविली, आणि १८ नोव्हेंबरास ते फ्रीमँटल बंदरात परतले. ओंडिना बुडाली असे मानून बंगाल दिएगो गार्सिया बेटास पोचली होती. तिचा एकही माणूस दगावला नव्हता.

१७ फेब्रुवारी १९४४ रोजी ट्रुक बेटांपाशी आयकोकुवर अमेरिकन विमानांनी हल्ला केला. पोटातील दारूगोळा असा उडाला की हल्ला करणारे एक विमानही त्यात नष्ट झाले; जहाजावरील शेकडो सैनिक तिच्याबरोबर गेले. धाकटी गोकोकु १० नोव्हेंबर १९४४ रोजी 'बार्ब' या अमेरिकन पाणबुडीने बुडविली. होकोकु बुडाल्यास दोन वर्षे पुरी होण्यास त्या दिवशी एकच दिवस उणा होता.