टाकीतलं शेवाळ आणि हायड्रोजन पेरॉक्साइड
जखमेवर टाकल्यावर फेसाळतं तेच हे औषध. पाण्यात त्याचं विघटन होऊन पाणी आणि ऑक्सिजन उरतो, म्हणून माशांच्या टाकीतही ते चालतं. पण आधी लेबल वाचा. केमिस्टकडे बऱ्याचदा 6 टक्क्यांचं मिळतं आणि मात्रा सांगितली जाते ती 3 टक्क्यांची. तेव्हा त्यात तेवढंच पाणी मिसळायचं. असं 10 मिली 40 लिटरच्या टाकीला पुरे.

फिल्टर बंद करून, पानांच्या कडांवर दाढीसारखं वाढलेल्या काळ्या शेवाळावर ते सिरिंजने हळूहळू सोडा. लगेच बारीक बुडबुडे धरतात. 10-15 मिनिटांनी फिल्टर सुरू करा. काही दिवसांत शेवाळ गुलाबी, मग पांढरं पडतं. दिवा दिवसभर जळत असेल तर ते परत येणारच, हेही खरं. मॉस आणि व्हॅलिस्नेरिया मात्र याने जळू शकतात.

रोगांसाठी मात्र या औषधावर फार भिस्त नको. अंड्यांवरची कापसासारखी बुरशी याला दबते. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी कातडीखाली दडतो, तिथवर हे पोचत नाही. मासे वर येऊन धापा टाकू लागले, तर मात्रा जास्त झाली समजा आणि क्लोरीन काढलेल्या पाण्याने निम्मी टाकी ताबडतोब बदला.