कोणते शब्द राखायचे?

चकल्या तळता तळता मावशीने माझ्यापुढे हात केला. "ते दे गं. ते हे... तेल निथळवायचं." मी झारा दिला. "हां, झारा," ती म्हणाली आणि तिने पुढचा घाणा सोडला. सणाच्या गडबडीत अशी नावं कोणाच्याही जिभेवर अडतात, म्हणून मी ते तिथेच विसरून गेले. पुढच्या दिवाळीला मात्र तिच्या प्रत्येक वाक्यात 'ते हे' होतं, आणि 'चकली'ची मधूनच 'चलकी' होत होती.

मावशीने जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. तेव्हा तिचं वय 61. बँकेचे व्यवहार चोख, माहेरच्या माणसांचे वाढदिवस तोंडपाठ, एसटीने एकटी गावी जाऊन यायची. त्यामुळे स्मृतिभ्रंशाची शंका घरात कोणाला आलीच नाही. तिला सगळं आठवत होतं, फक्त शब्द हाती लागत नव्हता. एका डॉक्टरांनी ताण आहे म्हणून सांगितलं, दुसरीकडे कान तपासून झाले. निदान व्हायला दोन वर्षं गेली. आज मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती त्या दोन वर्षांची, कारण या आजारात वाचाउपचाराला खरा वाव सुरुवातीलाच असतो.

या आजाराला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया म्हणतात. अफेझिया म्हणजे वाचाघात. पक्षाघाताच्या झटक्याने येणारा वाचाघात एका दिवसात येतो आणि पुढे थोडाफार सुधारतो. इथे उलटं घडतं. मेंदूत भाषा सांभाळणारे भाग, बहुतेकांच्या बाबतीत डावीकडचे, वर्षानुवर्षं झिजत जातात. 1892 मध्ये प्रागमधल्या अर्नोल्ड पिक यांनी अशा एका 71 वर्षांच्या रुग्णाचं वर्णन केलं होतं. पण या दुखण्याकडे वैद्यकाचं नीट लक्ष गेलं ते 1982 मध्ये. मार्सेल मेसुलाम यांनी सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांची भाषा हळूहळू जात होती, पण बाकीची बुद्धी बराच काळ शाबूत होती. हॉलिवूडचे अभिनेते ब्रूस विलिस यांच्या कुटुंबाने 2022 मध्ये त्यांना अफेझिया झाल्याचं जाहीर केलं आणि 2023 मध्ये तो फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया असल्याचं सांगितलं, तेव्हा हे शब्द घरोघरी पोचले. पन्नाशी-साठीतली माणसं या आजारात बरीच सापडतात. नोकरीत असलेली, मुलांची लग्नं व्हायची असलेली.

2011 साली तज्ज्ञांनी या आजाराचे तीन प्रकार ठरवले. मला ते समजले ते गावच्या विहिरीवरून. चैत्रात पाणी खाली जातं आणि दोर तोकडा पडतो. लोगोपेनिक प्रकारात असंच होतं: अर्थाचं पाणी आत आहे, शब्दापर्यंत दोर पोचत नाही. लांब वाक्य ऐकून जसंच्या तसं परत म्हणता येत नाही, अक्षरांची अदलाबदल होते. मावशीचा प्रकार हाच. या प्रकाराच्या मुळाशी बहुतेकदा अल्झायमरचाच बिघाड असतो, तरी सुरुवातीला आठवणी शाबूत राहतात. दुसऱ्या, सिमँटिक प्रकारात पाणीच आटतं. माणूस घडाघडा बोलतो, पण "झारा आण" म्हटलं तर विचारतो, "झारा म्हणजे काय?" तिसऱ्यात पाणी आहे, दोरही पुरतो, रहाटच अडतो. तोंडाला उच्चार जुळवता येत नाहीत, व्याकरण गळतं. मराठीत ते लगेच कानाला खटकतं. आपलं वाक्य 'ने', 'ला', 'चा' या प्रत्ययांवर उभं असतं; ते गळाले की "मी... बाजार... भाजी" एवढंच उरतं.

आजार थांबवणारं औषध अजून नाही. मग वाचाउपचार कशासाठी, असं मावशीच्या यजमानांनी, काकांनीही पहिल्या दिवशी विचारलं. आपल्याकडे स्पीच थेरपी म्हणजे तोतरं बोलणाऱ्या किंवा उशिरा बोलणाऱ्या मुलांसाठी, नाहीतर झटका आलेल्यांसाठी, असाच समज आहे. डॉक्टरही डिमेन्शियाच्या रुग्णाला तिकडे क्वचितच पाठवतात.

आमच्या थेरपिस्ट बाईंनी काकांना उत्तर दिलं नाही. त्यांनी मावशीला कोरा कागद दिला आणि विचारलं, "तुम्हांला कोणते शब्द हवेत?" त्याआधी घरी आम्ही बालवाडीचे तक्ते आणून सफरचंद, हत्ती, विमान असा सराव घेत होतो. मावशी ते तक्ते बाजूला सारायची, आणि आम्हांला वाटायचं ती हट्ट करते आहे. त्या कागदावर तिने तासभर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. नातीचं नाव. भाकरी. चष्मा. गुडघा. पुरे. झारा. आणि काकांचं नाव. चाळीस वर्षं तिने त्यांना 'अहो' म्हटलं होतं. पण उद्या दवाखान्यात कोणी "सोबत कोण आहे?" असं विचारलं तर 'अहो' सांगून भागणार नव्हतं. चाळीस शब्दांची यादी झाली. उपचार तिथून सुरू झाला.

एका शब्दापाशी पोचायला अनेक वाटा असतात, आणि एक बुजली की दुसरी धरायची, हे या सरावाचं सूत्र आहे. झाऱ्याचा फोटो समोर. तो कशाला लागतो? कुठे टांगतो? कशाचा असतो? तुझा झारा कुठून आणलास? पहिलं अक्षर लिहिता येतं का? मग पूर्ण शब्द लिहायचा, मोठ्याने म्हणायचा, पुन्हा म्हणायचा. फोटो इंटरनेटवरचा नाही, तिच्याच स्वयंपाकघरातला. हा आग्रह सिमँटिक प्रकारात तर फारच महत्त्वाचा, कारण तिथे शिकलेला शब्द त्याच वस्तूला, त्याच फोटोला चिकटून राहतो. सराव थांबला की शब्द पुन्हा निसटतो, म्हणून रोज थोडं थोडं.

दुसरी रीत पाठ केलेल्या मजकुराची. टेक्सासमध्ये माया हेन्री यांच्या गटाने उच्चार अडणाऱ्या दहा रुग्णांवर हा प्रयोग केला आणि 2018 मध्ये प्रसिद्ध केला. रुग्णाने स्वतः निवडलेल्या विषयांवर छोटे परिच्छेद तयार करायचे, ते बोलणाऱ्या तोंडाचा व्हिडिओ लावून त्याच्यासोबत रोज म्हणायचे. शिकलेलं बोलणं वर्षभरानंतरही बऱ्याच अंशी टिकलं होतं. दहाच माणसं, पण घसरत जाणाऱ्या आजारात वर्ष म्हणजे फार. आमच्याकडे व्हिडिओत मावसबहिणीचं तोंड होतं, आणि मावशीचा पहिला मजकूर असा: "मला बोलायला वेळ लागतो. मला सगळं कळतं. जरा थांबा." ही तीन वाक्यं तिने भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे वापरली.

ती अडखळायची तेव्हाही एक गोष्ट सलग यायची: लग्नातला उखाणा, काकांच्या नावासकट. वर्षानुवर्षं घोटलेलं, तालात बसलेलं बोलणं वाचाघातात बरेचदा मागे राहतं. आकडे, वारांची नावं, आरती, पाढे. बाईंनी त्याचाच उपयोग केला. उखाणा सुरू करायचा, नावाशी थांबायचं, ते नाव सुटं म्हणायचं.

उपचारांचा निम्मा भाग आमच्यावर होता, आणि तो अधिक अवघड गेला. लंडनमध्ये ॲना व्होल्कमर यांनी खास या रुग्णांच्या जोडीदारांसाठी संभाषणाचं प्रशिक्षण बसवलं आहे. जोडप्याच्या गप्पांचं चित्रण करायचं आणि कुठे गाडी अडते, कशाने पुढे सरकते, ते दोघांनी मिळून पाहायचं. आमचं चित्रण पाहताना काका गप्प झाले. पाच मिनिटांत त्यांनी मावशीला अकरा वेळा "हे काय आहे, सांग बरं?" असं विचारलं होतं. चहाचा कप दाखवून, पाहुण्यांसमोर. प्रेमानेच. त्या दिवसापासून घरात परीक्षा बंद झाली. टीव्ही बंद करून बोलायचं. एका वेळी एकानेच. प्रश्न हो-नाहीचा, किंवा दोन वस्तू हातात धरून. हाताशी कागद-पेन्सिल. ती शोधत असेल तर मनात दहा आकडे मोजायचे आणि मगच मदत करायची. आमच्या बोलक्या घराला दहा आकडे फार लांब वाटायचे.

भारतात साठीपुढच्या माणसांत डिमेन्शियाचं प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं, असा देशव्यापी पाहणीचा अंदाज 2023 मध्ये आला. त्यांतल्या भाषेपासून सुरू होणाऱ्यांचा वाटा लहान आहे, पण भाषा पुढे जवळपास सगळ्यांचीच जाते. शिकलेले वाचाउपचारक आहेत. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालय, म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था इथे ते घडतात. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1992 पासून कुटुंबांना आधार देते आहे. उणीव आहे ती आपल्या साधनांची. जगभर वापरल्या जाणाऱ्या बोस्टन नेमिंग टेस्टच्या 60 चित्रांत बीव्हर, इग्लू आणि प्रेट्झेल आहेत. सांगलीच्या बाईला प्रेट्झेल ओळखता आला नाही तर त्यात आजार कुठला? पाटा-वरवंटा, तांब्या, कंदील, नांगर असलेले, वयाला आणि गावाला धरून असलेले मराठी संच मुबलक हवेत.

कोणत्या भाषेत उपचार, हाही प्रश्न आपल्याला लागू आहे. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी यांच्या गटाने डिमेन्शियाच्या 648 रुग्णांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध केला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला, निरक्षर माणसांतही. पण आजार आल्यावर न्यू जर्सीत मुलाकडे राहणाऱ्या मराठी आजीची तपासणी नुसत्या इंग्रजीत झाली, तर तिच्याकडे खरं किती उरलंय ते कसं कळणार? ती जेवताना, रागावताना, देवापुढे जी भाषा बोलते, तीच आधी राखायला हवी.

आणि आवाज साठवावा, लवकर. मावशीने पहिल्याच वर्षी फोनवर नातीला मारायच्या हाका, आशीर्वाद, "जेवलीस का?" असं सगळं भरून ठेवलं. पुढे गिळायला त्रास होऊ लागला तेव्हाही वाचाउपचारकच उपयोगी पडल्या. घास केवढा घ्यायचा, पाणी कितपत घट्ट करायचं, ठसका लागला तर काय करायचं, ते त्यांनी शिकवलं.

यंदा मावशी 66 वर्षांची आहे. चाळीस शब्दांपैकी बाविसांवर सराव चालू आहे. गेल्या आठवड्यात यादी पुन्हा पुढ्यात ठेवली. तिने पेन्सिल घेतली, 'झारा'वर रेघ मारली, मग 'चष्मा'वर. 'पुरे' ठेवला. काकांच्या नावाखाली तिने दोन रेघा ओढल्या आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.