अभ्यासाच्या वेळात तारा कशाला?

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. सायंकाळची आंजेलूसची घंटा होऊन गेली होती, घरातील जपमाळ आटोपली होती, आणि नववीत शिकणारा मुलगा परसातून आणलेल्या बांबूच्या कामट्या घेऊन ओटीवर बसला होता. त्याने सुरीने एक कामटी तासावयास घेतली, तोच आतून बाबांचा आवाज आला, “अरे, अभ्यासाच्या वेळात तारा कशाला? बाजारात हवा तसा तयार तारा मिळतो. तू पुस्तक उघड!” मुलाने मुकाट्याने कामट्या कोपऱ्यात ठेवल्या. त्या नाताळात त्या घरावर प्लास्टिकचा तारा लागला.

वाचकहो, ही हकीकत एका घरची असली, तरी असा प्रसंग आपल्यापैकी कित्येकांच्या घरी घडत असेल. ह्यात बाबांचा दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. शेतीचा भरवसा उरलेला नाही, नोकरीसाठी गुणपत्रिका पाहिली जाते, आणि आपल्या मुलाने आपल्याहून चार पावले पुढे जावे ही कोणत्याही बापाची इच्छा असणारच. परंतु त्या घरी पुढे काय झाले तेही ऐकावे. वाचलेला वेळ पुस्तकाकडे गेलाच नाही. तो मोबाइलच्या पडद्याकडे गेला. गुण होते तेथेच राहिले, आणि ओटीवरचा कामट्यांचा आवाज मात्र बंद झाला. “मी त्याचा तारा थांबविला, पण त्याचा अभ्यास काही वाढविला नाही,” असे त्या बाबांनी पुढे स्वतःच बोलून दाखविले.

हातांच्या कामाचा मान

आपल्या धर्मात हाताच्या कामाला मोठा मान आहे. निर्गमाच्या पुस्तकात बसालेल नावाच्या कारागिराची कथा आहे. सोने, रुपे, लाकूड आणि रत्ने ह्यांवरील कारागिरीसाठी देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरून टाकले, असे तेथे सांगितले आहे. संत पौल तंबू करण्याचा व्यवसाय करीत असे. यापो येथील टबीथा मरण पावली, तेव्हा विधवांनी संत पेत्राला तिचे कोणते स्मारक दाखविले? तिने आपल्या हातांनी शिवलेले अंगरखे व वस्त्रे! आणि स्वतः प्रभू येशूला नाझरेथचे लोक सुतार म्हणूनच ओळखीत होते. कामगार संत योसेफ ह्यांचा १ मेचा सण पोप बारावे पायस ह्यांनी १९५५ साली सुरू केला, तो ह्याच मानाची आठवण देण्यासाठी.

नाताळच्या गोठ्याचा आरंभही असाच सांगता येईल. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांनी गव्हाणी, गवत, बैल आणि गाढव आणून बेथलेहेमचा देखावा उभा केला. त्यासाठी त्यांनी जिओव्हानी नावाच्या गृहस्थाला सुमारे पंधरा दिवस आधी बोलावून तयारी करावयास सांगितले होते. एका रात्रीच्या देखाव्यासाठी पंधरा दिवस! भक्तीलाही वेळ काढून ठेवावा लागतो, हे त्या संताने जाणले होते.

चार रविवारांचा हिशेब

आता प्रश्न राहतो तो वेळेचा. “वेळ मिळाला की करू,” असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला वेळ कधीच मिळत नाही. वेळ आधी नेमावा लागतो, आणि नेमून दिलेला वेळ थोडा असला तरी पुरतो. आपल्या उपासनेच्या पंचांगाने ही सोय करूनच ठेविली आहे. आगमनकाळाला चार रविवार असतात आणि तो २२ ते २८ दिवसांचा असतो. रोज अवघा अर्धा तास काढला, तरी ११ ते १४ तास हाती येतात. तारा आणि गोठा ह्या दोहोंना एवढा वेळ पुष्कळ झाला.

पहिल्या आठवड्यात बांबू फोडून दहा कामट्या तासाव्यात. दहाही अगदी सारख्या लांबीच्या असल्या पाहिजेत. एखादी बोटभर आखूड राहिली, तर तारा वाकडा झालाच म्हणून समजावे. दुसऱ्या आठवड्यात पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या दोऱ्याने बांधाव्यात, त्या एकमेकींवर ठेवून पाचही टोके घट्ट आवळावीत, आणि मधल्या पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांत वीतभराहून आखूड अशा पाच काड्या आडव्या घालाव्यात. त्यामुळे दोन्ही चांदण्या पोटाशी फुगून ताऱ्याला अंग येते. तिसऱ्या आठवड्यात पिठाची खळ शिजवून पतंगी कागद चिकटवावा. पाठीमागचा पंचकोन मोकळा ठेवावा, म्हणजे आत दिवा सोडता येतो. चौथ्या आठवड्यात शेपटी लावून तारा उंच चढवावा.

गोठ्यासाठी हिरवळ हवी असेल, तर नाताळच्या आधी आठ-दहा दिवस नाचणी किंवा गहू रात्रभर भिजवून करवंटीतल्या ओल्या मातीवर पसरावेत. सणापर्यंत कोवळे हिरवे कोंब वर येतात. कामाची घाई करणाऱ्याला ही करवंटीच धीर धरावयास शिकविते. आज पेरले म्हणून उद्या उगवत नाही.

रविवारी असे काम चालेल काय, अशी शंका एखाद्या आजीबाई विचारतील. मिस्सा चुकवून नव्हे. पण मिस्सा ऐकून घरी आल्यावर भावंडांनी मिळून तारा करावा, ह्यात कष्टाची मजुरी नाही, मनाची विश्रांती आहे.

आणि ह्यात अभ्यास नाही असे तरी कोणी म्हणावे? त्या चांदणीचे प्रत्येक टोक ३६ अंशांचे असते. पाच टोके मिळून १८० अंश होतात, म्हणजे एका त्रिकोणाच्या तीन कोनांइतकेच. वहीत हे वाचून विसरणारा मुलगा कामटी हाती धरून शिकला की विसरत नाही.

लोटलीच्या मुलाची वही

एका विद्यार्थ्याचे उदाहरण गोव्याच्या वाचकांना ठाऊकच असेल. मारियो मिरांडा ह्यांचा जन्म १९२६ साली दमण येथे झाला. त्यांचे घराणे लोटलीचे. लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रे काढू लागले. आईने हात धरून मारले नाही, तर एक कोरी वही आणून दिली. तीच पुढे त्यांची रोजनिशी झाली. बंगळूरला शाळेत आणि मुंबईला सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास शिकत असताना चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. तरुणपणी ते दिवसभरात पाहिलेली माणसे, लग्ने, पाद्री आणि शेजारी वहीत रेखाटून ठेवीत. १९४९, १९५० व १९५१ ह्या सालांच्या त्यांच्या रोजनिश्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. देशाने त्यांस १९८८ साली पद्मश्री, २००२ साली पद्मभूषण आणि २०११ मधील मृत्यूनंतर २०१२ साली पद्मविभूषण दिले. प्रत्येक मुलगा मारियो होणार नाही, आणि व्हावयासही नको. ध्यानात घ्यावयाची ती त्या आईची वही. भिंत खराब होते म्हणून तिने चित्र थांबविले नाही. चित्राला जागा नेमून दिली. आपण वेळेच्या बाबतीत हेच करावयाचे आहे.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. १९९१ साली जन्मलेले आणि २००६ साली अवघ्या पंधराव्या वर्षी प्रभूकडे गेलेले कार्लो अकुटिस ह्यांस ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे ह्यांनी संत म्हणून घोषित केले. त्यांना संगणकाची आवड होती. पवित्र मिस्साबलिदानाशी संबंधित चमत्कारांचे प्रदर्शन त्यांनी संगणकाच्या साह्याने उभे केले. परंतु संगणकावरील खेळाला मात्र त्यांनी आठवड्याला एका तासाची मर्यादा स्वतःच घालून घेतली होती, असे सांगतात. यंत्राने करमणूक करून घेणे निराळे, आणि यंत्रालाही हत्यारासारखे वापरून काही निर्माण करणे निराळे, हा भेद त्या मुलाला कळला होता.

आईबापांस व मुलांस चार शब्द

मुलांनो, एका वेळी एकच काम हाती घ्या. अर्धवट टाकलेल्या चार वस्तूंपेक्षा पुरी केलेली एक बरी. कात्री, दोरा, सुरी, खळीची वाटी एका पत्र्याच्या डब्यात ठेवा, म्हणजे अर्ध्या तासातला पाव तास शोधण्यात जाणार नाही. घड्याळ झाले की हात थांबवा. वेळेवर थांबणाऱ्या मुलाला आईबाप उद्याही परवानगी देतात. शालान्त परीक्षा जवळ आली की अर्ध्या तासाची दहा मिनिटे करा, पण डब्याला कुलूप घालू नका. शिणलेल्या डोक्याला दहा मिनिटांचे विणकाम पुष्कळ ताजेतवाने करते.

आणि आईबापांनो, मुलींचा विचार विशेष करा. मुलगा कागद कापीत बसला तर तो छंद, आणि मुलगी क्रोशे घेऊन बसली तर ते घरकाम, असा हिशेब आपल्या घरांत कितीदा होतो! वेदीवरच्या कापडाची जाळी तिने विणली, तर तिचा अर्धा तास आपण मोजतो काय? तो अर्धा तास देता यावा म्हणून भांड्यांतील वाटा भावाने उचलावयास काय हरकत आहे?

ज्या घरातून ह्या लेखाचा आरंभ झाला, तेथे पुढल्या वर्षी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बाबा स्वतःच कोयता घेऊन परसात गेले. बांबू त्यांनी फोडला, कामट्या मुलाने तासल्या. बापलेक अर्धा तास बसले आणि मग मुलगा पुस्तकाकडे वळला. त्याला कोणी सांगावे लागले नाही. नाताळच्या रात्री चढलेला तो तारा एका टोकाशी थोडासा तिरका होता. मध्यरात्रीच्या मिस्साला जाताना बाबा वाटेत थांबून शेजाऱ्यांना तेच टोक दाखवीत होते, आणि म्हणत होते, “ते माझ्या हातचे, हो! बाकीची चार त्याची.”