ऑर्ग-बेबल

ऑर्ग-बेबल ही ईमॅक्स या मजकूर-संपादकातील ऑर्ग-मोड या सुविधेचा भाग असलेली प्रणाली आहे. साध्या मजकुराच्या एकाच फाइलमध्ये गद्य, तक्ते आणि निरनिराळ्या प्रोग्रॅमिंग भाषांतील कोड शेजारी शेजारी लिहिता यावा, तो तेथेच चालवता यावा आणि त्याचा निकाल त्याच फाइलमध्ये उतरावा, यासाठी ती वापरली जाते. एका भाषेतील कोडचा निकाल दुसऱ्या भाषेतील कोडला पुरवता येणे हे तिचे मुख्य वैशिष्ट्य होय. नावात बाबेलच्या मनोऱ्याचा निर्देश आहे. बायबलमधील त्या कथेत भाषा अनेक झाल्यामुळे बांधकाम थांबते. येथे अनेक भाषा एकाच कामाला जुंपल्या जातात.

पार्श्वभूमी

अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९८४ मध्ये ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ ही कल्पना मांडली. आज्ञावली मुख्यतः यंत्रासाठी नव्हे, तर वाचणाऱ्या माणसासाठी लिहावी, असा तिचा आशय. त्यांच्या ‘वेब’ या प्रणालीत (आजच्या महाजालाशी तिचा संबंध नाही) एकाच मूळ फाइलमधून दोन गोष्टी निघत: ‘वीव्ह’, म्हणजे विणून, छापण्याजोगा लेख आणि ‘टँगल’, म्हणजे गुंता करून, यंत्राला देण्याजोगा पास्कल भाषेतील कोड. यंत्राच्या वाट्याला गुंता आणि माणसाच्या वाट्याला वीण, ही शब्दयोजना मार्मिक आहे.

दुसरा प्रवाह संशोधनाच्या पडताळणीचा. छापील निबंधात आकडा दिसतो; तो कसा काढला हे बहुधा दिसत नाही. कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांच्या राष्ट्रीय कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरील २०१० च्या निबंधाबाबत हेच घडले. निबंधामागचा तक्ता २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील अभ्यासकांनी तपासला, तेव्हा सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटल्याचे आढळले. ही चूक आणि पद्धतीविषयक इतर फरक दुरुस्त केल्यावर, ९० टक्क्यांहून अधिक कर्ज असलेल्या देशांचा सरासरी वाढदर उणे ०.१ टक्क्यावरून २.२ टक्क्यांवर गेला. निबंध कितीही वेळा वाचला असता तरी ही चूक सापडली नसती, कारण ती निबंधात नव्हतीच.

गणित आणि गद्य एकत्र ठेवण्यासाठी २००२ मध्ये ‘स्वीव्ह’ हे साधन आले. ते प्रामुख्याने आर या एकाच भाषेपुरते होते. ऑर्ग-मोडची सुरुवात खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ मध्ये टिपणे व कामांच्या याद्या ठेवण्यासाठी केली. त्यावर एरिक शुल्ट आणि डॅन डेव्हिसन यांनी बेबल उभारले. २०१० मध्ये ते ऑर्ग-मोडच्या मूळ गाभ्यात समाविष्ट झाले.

कार्यपद्धती

ऑर्ग फाइलमध्ये कोडचा तुकडा एका आरंभओळीने सुरू होतो व समाप्तीच्या ओळीने संपतो. आरंभओळीत भाषेचे नाव आणि काही सूचना असतात. तुकड्यावर कर्सर ठेवून कंट्रोल व सी या कळा एकत्र दोनदा दाबल्या, की बेबल तो कोड त्या भाषेच्या आज्ञावलीकडे सोपवते आणि आलेला निकाल तुकड्याखाली लिहिते. भाषा चालवण्याचे सामर्थ्य बेबलमध्ये स्वतःचे नाही: संगणकावर पायथन नसेल तर पायथनचा तुकडा चालणार नाही. सी सारख्या भाषेतील तुकडा ते आधी संकलित करून घेते व मग चालवते. निकाल म्हणजे शेवटी हाती आलेले मूल्य की कोडने वाटेत छापलेला मजकूर, हे लेखकाने आरंभओळीत सांगायचे असते. नवख्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो.

भाषांमधील देवाणघेवाण तक्त्यांच्या आधारे चालते. समजा, फाइलमध्ये ‘गुण’ नावाचा तक्ता आहे आणि त्यात पाच विद्यार्थ्यांचे गुण 42, 55, 61, 38 व 74 असे आहेत. पायथनचा तुकडा तो तक्ता नावाने मागवून सरासरी काढतो: 54. आर भाषेतील दुसरा तुकडा त्याच तक्त्याचा आलेख काढतो. गद्यातील ‘वर्गाची सरासरी अमुक आहे’ या वाक्यातही आकडा हाताने न लिहिता कोडचा लहानसा अंश ठेवता येतो. पुढे पहिल्या विद्यार्थ्याचे गुण 42 नसून 47 असल्याचे कळले, तर तक्त्यात एकच दुरुस्ती करून सर्व तुकडे पुन्हा चालवायचे. सरासरी 55 होते, आलेख बदलतो, वाक्यही बदलते.

वरील गुण येथे मुद्दाम आंतरराष्ट्रीय अंकांत दिले आहेत. ऑर्गच्या फाइलमध्ये मराठी गद्य विनासायास लिहिता येते. पण तक्त्यात ४७ असे देवनागरी अंक लिहिल्यास बेबल त्यांना संख्या न मानता अक्षरे मानते आणि पायथन त्यांची बेरीज करण्याचे नाकारतो.

सामान्यतः प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे चालतो व संपतो. ‘सेशन’ ही सूचना दिल्यास ती भाषा पार्श्वभूमीवर जागी राहते आणि आधीच्या तुकड्यातील चले पुढच्या तुकड्याला मिळतात. यात सोय आहे तसा धोकाही आहे. फाइलमधून खोडलेल्या तुकड्याची चले सेशनच्या स्मृतीत टिकून राहतात. मग आज लेखकाच्या संगणकावर बरोबर येणारे उत्तर उद्या दुसऱ्याकडे येतच नाही.

क्नुथ यांची ‘टँगल’ क्रिया बेबलमध्येही आहे. तिने फाइलमधील तुकडे वेचून स्वतंत्र कोड-फाइली तयार होतात. संपूर्ण दस्तऐवज एचटीएमएल किंवा लाटेक स्वरूपात निर्यात करता येतो. ज्या तुकड्यांचे निकाल त्यात घ्यायचे असतात ते तुकडे, लेखकाने मनाई केली नसल्यास, निर्यातीच्या वेळी पुन्हा चालवले जातात.

सुरक्षितता

एरवी साधी मजकूर-फाइल उघडण्यात भय नसते, पण जिच्यातील शब्द आज्ञा म्हणून पाळले जातात ती फाइल निराळी. बेबलच्या तुकड्यातून फाइली पुसताही येतात. म्हणून मूळ मांडणीत केवळ ईमॅक्स लिस्प ही एकच भाषा सुरू असते, इतर भाषा वापरकर्त्याने स्वतः जोडायच्या असतात, आणि प्रत्येक वेळी चालवण्यापूर्वी संमती विचारली जाते. या प्रश्नाला कंटाळून तो कायमचा बंद करणारे पुष्कळ आहेत. परक्याकडून आलेल्या फाइलींबाबत ते धोक्याचे आहे. स्वतः ऑर्ग-मोडमध्येही दोष सापडले आहेत: फाइल नुसती उघडल्याने नको तो कोड चालू शकेल अशा त्रुटी दूर करण्यासाठी मार्च २०२४ मध्ये ईमॅक्सची २९.३ आणि जूनमध्ये २९.४ ही आवृत्ती तातडीने काढावी लागली.

तत्सम साधने आणि मर्यादा

जुपिटर नोटबुक हे या क्षेत्रातील अधिक प्रचलित साधन. ते ब्राउझरमध्ये चालते आणि त्यासाठी ईमॅक्स शिकावे लागत नाही, हा त्याचा मोठाच लाभ आहे. मात्र त्याची फाइल जेसॉन स्वरूपाची असल्याने नुसत्या डोळ्यांनी वाचणे कष्टाचे होते, आणि एका नोटबुकमागे सामान्यतः एकाच भाषेचे यंत्र असते. ऑर्गची फाइल कोणत्याही संपादकात उघडून वाचता येते. चालवण्याचे तसे नाही. पायथनची आवृत्ती किंवा एखादे ग्रंथालय बदलले, तर जुना तुकडा अडतो किंवा, त्याहून वाईट, गुपचूप वेगळे उत्तर देतो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे लेखक वापरलेल्या आवृत्त्यांची नोंद त्याच फाइलमध्ये, एखाद्या तुकड्याकरवीच, करून ठेवतात.